वायर विव्हिंग म्हणजे काय? भट्टीशिवाय तारेतून विणले जाणारे दागिने

खड्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची जाळी विणणारे हात रील्समध्ये अनेकांनी पाहिले असतील. हीच वायर विव्हिंग कला. यात भट्टी लागत नाही आणि डाखही द्यावा लागत नाही. सगळा दागिना तारेच्या वेढ्यांवरच उभा राहतो.

तारकशीपेक्षा वेगळी कशी?
ओडिशातील कटकची चांदीची तारकशीही तारेचीच असते. पण तिथे तारेचे नक्षीदार तुकडे उष्णता देऊन जोडतात. वायर विव्हिंगला जवळचे आपल्याकडचे काम म्हणजे मोत्यांची नथ. तिच्यातही मोती तारेत ओवून गुंफले जातात.

वीण कशी घालतात?
आधारासाठी साधारण ०.८ ते १ मिमी जाडीची तार घेतात आणि विणायला ०.३ मिमीच्या आसपासची. दोन जाड तारा शेजारी धरायच्या. बारीक तारेचे दोन वेढे एकीवर, मग दोन वेढे दोन्हींवर मिळून, हाच क्रम पुढे चालवायचा. तयार झालेली पट्टी वळवून खडा बसवतात.

तार का तुटते?
धातू वाकवला की कडक होत जातो. म्हणूनच विणलेला दागिना आकार धरून ठेवतो. मात्र तीच जागा पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवली तर तार तुटते. त्यामुळे लोकरीसारखे उसवून पुन्हा विणणे इथे सहसा जमत नाही.

सुरुवात करताना
• आधी मऊ तांब्याच्या तारेवर हात बसवावा.
• गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. २० गेज अमेरिकी मापात सुमारे ०.८१ मिमी, तर ब्रिटिश मापात ०.९१ मिमी असते. म्हणून मिलिमीटर विचारूनच तार घ्यावी.
• तार कापताना टोकावर बोट ठेवावे. तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.
• तांब्यामुळे त्वचेवर हिरवट डाग पडू शकतो. तो धुतल्यावर जातो.

किंमत कशाची?
०.३ मिमीची तार खेटून गुंडाळली, तर पाच सेंटिमीटरच्या पट्टीत दीडशेहून जास्त वेढे बसतात. तांबे फार महाग नसते. पैसे मोजायचे ते या वेढ्यांचे. विकत घेताना दागिन्यावरून बोट फिरवून पाहावे. वेढे सरकत नसतील आणि टोक कुठे टोचत नसेल, तर काम चोख आहे.