तंबाखूची अळी : एका नांवाचा इतिहास

तेल्हाऱ्याकडील शेतकऱ्यास सोयाबीनवरील एका अळीचें नांव ऐकून प्रथम नवल वाटतें. पीक सोयाबीनचें, शेजारीं पऱ्हाटी, तंबाखूचें रोप औषधालाहि नाहीं. आणि अळीचें नांव मात्र 'तंबाखूवरील पानें खाणारी अळी'! या नांवाचा उलगडा इतिहासांत आहे.

तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यास उतरली व दक्षिणेंत पसरली. अकबराचा दूत असदबेग १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें बादशहापुढें जे नजराणे ठेवले त्यांत तंबाखू व ती ओढण्याची रत्नजडित नळी होती. पुढें १६१७ सालीं जहांगीरानें तंबाखूस बंदी केली. पण व्यसन बंदीस पुरून उरलें. कालांतरानें निपाणीकडील काळ्या जमिनींत तर हें पीक शेतकऱ्याचा मोठा आधार झालें.

अमेरिकेंत या झाडाचा पिढीजात शत्रु म्हणजे शेपटाकडे शिंग असलेली, बोटाएवढी हिरवी अळी. स्वीडिश पंडित लिनिअस यानें १७६३ सालीं तिच्या एका जातीचें नामकरण केलें. व्हर्जिनियाच्या मळ्यांत ती वेंचण्याचें काम गुलामांच्या, त्यांतहि त्यांच्या मुलांच्या माथीं येई. पानन् पान उलटून पाहावयाचें व सांपडेल ती अळी चिरडावयाची. कोठें कोठें टर्की पक्ष्यांचे कळपहि तंबाखूंत सोडीत. जगास धुराची चैन मिळाली ती या लहान हातांच्या कष्टांवर.

तंबाखूचें बीं खसखशीहूनहि बारीक; मूठभर बियांत शेतें सामावतात. या अळीचा कोश मात्र जमिनीच्या पोटांत राहतो. त्यामुळें बीं समुद्र ओलांडून आलें, शिंगाची अळी तिकडेच राहिली. आपल्याकडे तिळावर शिंगाची अळी दिसते खरी. पण ती त्याच कुळांतील निराळी जात होय.

परंतु शत्रूवांचून राहण्याचें सुख कोणत्याहि पिकास फार दिवस लाभत नाहीं. एरंडी, कोबी, पऱ्हाटी, जें मिळेल तें खाणारी एक अळी येथें होतीच. डॅनिश पंडित फॅब्रिशियस यानें १७७५ सालीं तिच्या जातीस शास्त्रीय नांव दिलें होतें. नव्या रोपांवर तिनें असा हात मारला कीं तंबाखूचेंच नांव तिला चिकटलें.

पुढें चीनकडचें सोयाबीन गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वऱ्हाडभर पसरलें आणि अळीस नवें ताट वाढलें गेलें. २००८ च्या पावसाळ्यांत विदर्भांत तिनें शेतेंच्या शेतें चाळणीसारखीं केलीं. हातातोंडाशीं आलेला घास गेला. त्या धक्क्यानंतर २००९ पासून राज्याच्या कृषि खात्यानें कृषि विद्यापीठांच्या साह्यानें पिकांची नियमित पाहणी करून शेतकऱ्यास वेळीच सल्ला देण्याचा 'क्रॉपसॅप' प्रकल्प सुरू केला. अकोल्याचें, १९६९ सालीं स्थापन झालेलें, डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठहि त्यांत आहे.

या प्रकल्पाचें मर्म अळीच्या स्वभावांत आहे. मादी पतंग पानाच्या खालच्या बाजूस शेंकडों अंड्यांचा पुंजका घालतो व त्यावर भुरकट केसांचें पांघरूण घालतो. पिलें कांहीं दिवस एकाच पानावर राहून हिरवा भाग खरवडतात. पान जाळीदार दिसूं लागतें. त्या वेळीं तें एक पान खुडून नष्ट केलें, तर शेंकडों अळ्या गेल्या. मोठी झालेली अळी मात्र शेतभर पांगते, दिवसा मातींत दडते आणि रात्रीं खाते. मग फवारणीहि पुरी पडत नाहीं. म्हणूनच धुऱ्यावर एरंडी लावून पतंगास तिकडे ओढावें, कामगंध सापळे व पक्षीथांबे उभारावे आणि लहान अळीवर पांच टक्के निंबोळी अर्क फवारावा, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. पण या सर्वांआधीं पान उलटून पाहणें आलेंच.

व्हर्जिनियाच्या मळ्यांत हें काम धाकाखालीं होई व त्याचें फळ दुसऱ्याच्या पदरांत पडे. तेल्हाऱ्याचा शेतकरी आपल्या शेताचा धनी आहे. त्यानें उलटलेल्या पानाचें फळ त्याच्याच घरीं येतें. एवढें जाणून जो आठवड्यांतून दोनदां तरी शेतांत वांकून पाहील, त्याला २००८ सालाची आठवण नुसत्या इतिहासापुरतीच राहील.