गुड कंपॅनियन्स, द

सुरुवातीच्या ब्रिटिश बोलपटांपैकी एक गाजलेला संगीतप्रधान विनोदी चित्रपट (१९३३). दिग्दर्शक व्हिक्टर सॅव्हिल, निर्मिती गोमाँ-ब्रिटिश. जे. बी. प्रीस्टली यांच्या १९२९ मधील याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. १९३१ मध्ये कादंबरीचे नाट्यरूप लंडनच्या रंगभूमीवर आले. त्यात इनिगो जॉलिफंट हा तरुण शाळामास्तर रंगवणारे जॉन गीलगुड चित्रपटातही त्याच भूमिकेत आहेत.

त्या काळी इंग्लंडात समुद्रकिनारी आणि लहानसहान गावांत गाणी, नाच, नकला, प्रहसने करीत हिंडणाऱ्या छोट्या मंडळ्या असत. ‘डिंकी डूज’ ही त्यांतलीच एक. व्यवस्थापक गल्ला घेऊन पळाल्यामुळे ती अडकून पडते. अशा वेळी घर सोडून निघालेली तीन परकी माणसे तिला येऊन मिळतात. यॉर्कशरचा सुतार जेस ओकरॉइड (एडमंड ग्वेन) रंगमंचाची कामे अंगावर घेतो, मिस ट्रँट (मेरी ग्लिन) वारशाचा पैसा ओतते आणि इनिगो पियानोवर नव्या चाली बसवतो. मंडळी नवे नाव धारण करून पुन्हा खेळ लावते. कादंबरीत त्यांच्या खेळात गुंड घालून दंगा माजवणारा माणूस चित्रगृहांचा मालक आहे. बोलपटाने या मंडळ्यांचा प्रेक्षक ओढून नेला, आणि त्यांची कहाणीही अखेर बोलपटानेच सांगितली, हे विसरता येत नाही.

मंडळीतल्या सूझी डीनच्या भूमिकेतील जेसी मॅथ्यूज हे चित्रपटाचे मोठे बळ. लंडनच्या सोहो भागात वाढलेली ही नर्तकी रंगभूमीवर आधीच नावाजलेली होती; पडद्यावर तिचा जम बसवण्यात या चित्रपटाचा वाटा मोठा. सूझीला मोठ्या रंगमंचाची भूक आहे, आणि मॅथ्यूजच्या नाचात ती भूक दिसते. विनोदी नट मॅक्स मिलर यांचे चित्रपटातील पदार्पणही येथलेच. संगीत जॉर्ज पॉसफर्ड यांचे आहे.

जाडजूड कादंबरी दोन तासांच्या आत बसवताना प्रवासातील बरीच गावे आणि माणसे गळाली, कथा जागोजागी धावतेही. तरी मंडळीतल्या माणसांचा एकमेकांवरचा जीव शाबूत राहिला आहे. गीलगुड यांचा पियानोवर बसलेला, उत्साहाने भारलेला इनिगो पाहिला की शेक्सपिअरच्या भूमिकांमुळे ओळखला जाणारा हा नट हलक्याफुलक्या कामातही किती मोकळा होई, हे कळते.

मॅथ्यूज आणि सॅव्हिल यांनी पुढे ‘एव्हरग्रीन’ (१९३४) केला. जे. ली थॉम्पसन यांनी १९५७ मध्ये ‘द गुड कंपॅनियन्स’ पुन्हा, या वेळी रंगीत, काढला.