तीस टक्क्यांचा दाखलाही जपून ठेवा : कामाच्या जागी दिव्यांग तरुणांना काय मागता येतं?

पोराचा किंवा पोरीचा अपंगत्वाचा दाखला हातात आला की घरचे पहिल्यांदा दोनच गोष्टी विचारतात. निराधारचा पगार चालू होईल का, आणि एसटीची सवलत मिळेल का. दाखल्यावर ४० टक्क्यांच्या खालचा आकडा असला तर या दोन्हींची उत्तरं 'नाही' येतात. मग तो कागद ट्रंकेत जातो, तो परत निघतच नाही. पण पोरगं शिकून कुठं कामाला लागलं, तर त्या कामाच्या जागी काय मागता येतं, हे विचारायचं राहून जातं. आणि तिथं ४० टक्क्यांची अट सगळीकडे लागू नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारचं अपंगत्व होतं, आता २१ आहेत. हात, पाय, डोळे, कान एवढ्यावर ते थांबत नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मानसिक आजार, शिकण्यातली अडचण हेही त्यात आले. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या वाचकांना सिकलसेल म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरून धडधाकट दिसणारा पोरगा, पण थंडीत, उपाशी-तहानेला किंवा अंगावर जास्त काम पडलं की सांधे असे दुखतात की दवाखाना गाठावा लागतो. मुकादमाला वाटतं, कामचुकार आहे.

अशा माणसासाठी कायद्यात एक तरतूद आहे, तिला सोप्या भाषेत 'वाजवी सोय' म्हणता येईल. म्हणजे त्या माणसाला बाकीच्यांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून कामात किंवा जागेत करायचा गरजेचा बदल. पायानं अधू असलेल्या लिपिकाचं टेबल वरच्या मजल्यावरून खाली आणणं. दृष्टिहीन मुलाच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकणं (एनव्हीडीए नावाचं असं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे खर्चाचं कारण इथं चालत नाही). कमी ऐकू येणाऱ्याला तोंडी सूचनेऐवजी मेसेज करणं. सिकलसेलवाल्याला पाण्याची सोय, मधे विश्रांती, आणि शीतगृहातल्या किंवा रात्रीच्या ओझ्याच्या कामातून सूट. मालकाला झेपणारच नाही असा बोजा मात्र कायदाही टाकत नाही.

या सोयीसाठी ४० टक्के लागत नाहीत. ४० टक्के लागतात ते नोकरीतल्या आरक्षणाला आणि बहुतेक योजनांना. सुप्रीम कोर्टानं ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात हे स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, ४० टक्क्यांचा दाखला नव्हता, तरी कोर्टानं त्याला लेखनिक घेण्याचा हक्क मान्य केला. म्हणून कमी टक्क्यांचं पांढरं युडीआयडी कार्डही कामाचं आहे. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं आणि त्यापुढं निळं कार्ड मिळतं. अर्ज ऑनलाइन, सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून भरता येतो. तपासणीला सरकारी दवाखान्यात जावं लागतं. सिकलसेलसाठी रक्ताचा रिपोर्ट सोबत न्यायचा, नाहीतर हेलपाटा ठरलेला.

आता ही सोय द्यायची कुणी? जिल्हा परिषद, पंचायत समिती, एसटी, महावितरण, सरकारी शाळा-दवाखाने यांच्यावर ती बंधनकारक आहे, आणि खर्च त्या कार्यालयाचा. खासगी कंपनीत २० किंवा जास्त कामगार असतील तर कंपनीला 'समान संधी धोरण' करून जाहीर करावं लागतं, त्यात काय काय सोयी आहेत ते लिहावं लागतं आणि एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. एमआयडीसीत मुलाखतीला गेल्यावर हे धोरण बघायला मागा. किती ठिकाणी मिळेल हा प्रश्नच आहे, पण मागणं हक्काचं आहे.

ब्रिटनमध्ये १९९४ पासून 'अ‍ॅक्सेस टू वर्क' नावाची योजना आहे. तिथं खासगी नोकरी असली तरी लागणारं साधन, मदतनीस, कामावर जायची टॅक्सी यासाठी सरकार पैसे देतं. आपल्याकडे अशी एक खिडकी नाही. मदत आहे, पण तुकड्यातुकड्यांत, आणि ती गोळा करायचं काम घरच्यांचं.

व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय, तीनचाकी सायकल ही साधनं केंद्राच्या एडिप योजनेतून शिबिरात मिळतात. ४० टक्क्यांच्या वर असेल तर साध्या एसटीत ७५ टक्के सवलत, रोज तालुक्याला कामावर जाणाऱ्याला ती मोठीच. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये, कायमच्या ४० टक्के अपंगत्वाला माफ आहे. पण दाखल्याची झेरॉक्स अकाउंटंटला दिल्याशिवाय तो कापायचं थांबत नाही. ईएसआयसीत साधी मर्यादा २१,००० रुपये पगाराची, दिव्यांगांना २५,००० ची. त्यात सुरुवातीच्या काही वर्षांचा मालकाच्या वाट्याचा हप्ता केंद्र सरकार भरतं. हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं, त्यामुळे मुलाखतीत आपणच सांगितलेलं बरं.

नोकरीऐवजी स्वतःचं दुकान, गिरणी, मोबाईल दुरुस्ती करायची असेल तर जिल्हा परिषदेची बीजभांडवल योजना आहे. वय १८ ते ५०, दीड लाखापर्यंतच्या धंद्याला २० टक्के, जास्तीत जास्त ३०,००० रुपये अनुदान, बाकी बँकेचं कर्ज. गाडं अडतं ते बँकेत. शिवाय ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. दिवाळीला थोडे थोडे वाटून तो निधी संपवण्यापेक्षा शिलाई मशीन किंवा कामाचं साधन मागायला ग्रामसभेत कुणी अडवलेलं नाही.

सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांना प्रत्येकी १, आणि स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार वगैरेंना मिळून १. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या यादीत नाहीत. म्हणजे कायदा त्यांना दिव्यांग म्हणतो, पण जागा राखून ठेवत नाही. भरतीच्या जाहिरातीवर आस लावून बसलेल्या पोरांना हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर फी आणि वर्ष दोन्ही जातात. मात्र खुल्या किंवा आपल्या प्रवर्गातून ते लागले, तर वाजवी सोय मागण्याचा हक्क त्यांनाही तितकाच आहे.

नोकरीत असताना अपघातानं किंवा आजारानं अपंगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, तशी जागा नसेल तर जादा पद तयार करून ठेवायचं. कलम २० मध्ये हे लिहिलेलं आहे. त्यामुळे घाबरून राजीनामा लिहून देऊ नका, साहेबांनी कितीही गोड बोलून मागितला तरी.

सोय मागताना तोंडी बोलून भागत नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा: अपंगत्व कोणतं, कोणतं काम अडतं, कोणता बदल हवा. सोबत दाखला आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. सरकारी कार्यालयात यासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे तक्रार द्या. तिथं दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे पोस्टानंही अर्ज पाठवता येतो. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.