पडलेल्या उंदराची खबर

'उंदीर पडला' हे दोन शब्द एके काळी मराठी खेड्यात साधे विधान नव्हते; तो इशारा होता. घरात उंदीर मरून पडू लागले की दख्खनमधील कित्येक गावे घरेदारे सोडून शिवारात झोपड्या टाकून राहत. प्लेग हा मुळात रानातल्या उंदीरवर्गीय प्राण्यांचा रोग. अशा रोगाची पहिली चाहूल शिवारात वावरणाऱ्याला, म्हणजे शिकाऱ्याला, गुराख्याला, शेतमजुराला लागते. कचेरीला ती मागाहून कळते. म्हणून अशा साथीत अधिकाऱ्यांवरचा लोकांचा विश्वास जोखायचा, तर खालून वर जाणाऱ्या खबरीचे काय झाले, हे आधी पाहिले पाहिजे.

१८९७ सालच्या पुण्यात ही वाटच बंद झाली होती. रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या घेतल्या आणि रोग्यांना छावण्यांत हलवले. परिणाम उलटा झाला. छावणीच्या धास्तीने लोक आजारी माणूस लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोक औषधाला नव्हे, झडतीला भीत होते, हे यावरून ध्यानात येते. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदरावरच्या पिसवा हा रोग पसरवतात, असे दाखवून दिले. गावकऱ्यांच्या इशाऱ्यामागचे कारण शास्त्राला तेव्हा सापडले.

जवळजवळ शतकानंतर हा प्रश्न मराठवाड्यात पुन्हा उभा राहिला. राणीसावरगाव ज्या गंगाखेड तालुक्यात आहे, त्याला लागूनच बीड जिल्हा सुरू होतो. त्या जिल्ह्यातील मामला या गावी ऑगस्ट १९९४ मध्ये पिसवांचा त्रास वाढल्याची तक्रार लोकांनी केली आणि पाठोपाठ गाठी आलेले रुग्ण आढळले. देशात १९६६ नंतर प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. किल्लारीच्या भूकंपानंतर रानातले व घरातले उंदीर यांच्यातला समतोल ढळला असावा, असे तज्ज्ञांनी सुचवले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरल्याचे वृत्त आले. रोग प्लेगच की दुसराच, यावर उलटसुलट विधाने होत राहिली आणि लाखो लोकांनी शहर सोडले; काही खासगी डॉक्टरही त्यांत होते. पळणाऱ्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्याकडून नेमके उत्तर मिळत नाही, त्याच्या धीराच्या शब्दावर कोण विसंबणार? सुरतेचा विश्वास परतला तो १९९५ नंतर, महापालिकेने रस्ते आणि गटारे प्रत्यक्ष स्वच्छ केल्यावर.

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. रानपाखरांतून पसरणाऱ्या बर्ड फ्लूचे निदान झाले आणि परिसरातील उरलेल्या कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. येथे झडती नव्हती, छावणी नव्हती. शासनाने भरपाईही दिली. मात्र या भरपाईचा नियम असा, की ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे ज्याच्या दारी रोग प्रथम येतो, त्याचेच मोठे नुकसान भरून निघत नाही. कायदा त्याच्याकडून खबरीची अपेक्षा करतो आणि हिशोब त्याला गप्प बसायला शिकवतो.

पुण्यातल्या माणसाने रोगी लपवला तो भीतीपोटी. उद्या एखादा शेतकरी मेलेली कोंबडी लपवील तो तोट्यापोटी. दोन्हींतून निपजते ते मौनच. विश्वासाचे आवाहन करणाऱ्या शासनाने खबर देणाऱ्याच्या पदरात काय पडते, याचा विचार आधी करायला हवा.