आधी वेलांटी की आधी व्यंजन?

मराठी टंकलेखन यंत्रावर ‘कि’ उमटवायची तर बोट आधी पहिल्या वेलांटीवर जात असे, मग ‘क’वर. यंत्राला भाषा कळत नव्हती. कागदावर डावीकडून उजवीकडे जे दिसायचे तेच त्या क्रमाने आपटायचे. संगणकावरील सुरुवातीच्या अनेक मराठी फॉन्टांनी हीच रीत उचलली. रोमन अक्षरांच्या जागांवर काना, वेलांटी, अर्धा ‘त’ असे आकारांचे तुकडे बसवले की काम भागले. करणाऱ्याला हे सोपे होतेच, टंकलेखकाच्या घडलेल्या हातांनाही सवयीचे होते. किंमत मोजली ती वाचकाने. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर आख्खा लेख रोमन अक्षरांचा निरर्थक ढिगारा होई. शोध, अकारविल्हे या गोष्टी तर दूरच.

१९९१ सालच्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने उलट वाट धरली: आकार नव्हे, वर्ण साठवायचे, तेही उच्चाराच्या क्रमाने. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीनेही देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या रूपावरून घेतली. आता ‘मार्मिक’ लिहिताना आपण म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क एवढेच देतो. वेलांटीने दुसऱ्या ‘म’च्या आधी सरकावे आणि ‘र’ने रफार होऊन त्याच ‘म’च्या डोक्यावर बसावे, ही सारी यातायात प्रणालीने आणि फॉन्टने करायची. ‘विंडोज २०००’सोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. कवी आणि सुलेखनकार असलेल्या माणसाकडे हे काम जावे, हे मला उचितच वाटते.

तरीही एक गाठ सुटली नाही, आणि ती नेमकी मराठीची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ते सारे त्या आडव्या अर्ध्या ‘र’वर तोललेले. युनिकोडने या ‘र’साठी द्राविडी लिप्यंतरासाठी ठेवलेला, नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरायचे ठरवले. पण साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह ही जुनी सोयही तशीच ठेवली. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. केवळ चिन्हे ताडून पाहणाऱ्या शोधाला मात्र ती दोन निरनिराळी अक्षरे वाटतात. एखाद्या कवीच्या समग्र कवितांत ‘वाऱ्या’चे उल्लेख मोजू पाहणाऱ्या अभ्यासकाला निम्मे वारे सापडतच नाहीत, आणि ते निसटले हे कळायलाही मार्ग नसतो.