खेळाचा खर्च व खेळाचा डाव

ज्युबिली समितीच्या पहिल्याच बैठकीत मंडप, भोजन व स्मरणिका यांचा विचार आटोपल्यावर मुलांच्या खेळांचा विषय निघाला, आणि तेथे बैठक अडली. खेळ व्हावेत याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. प्रश्न एवढाच होता की, खर्च कोणी सोसावयाचा. एक पक्ष म्हणे, प्रत्येक संघाकडून प्रवेशवर्गणी घ्यावी. जो खेळेल त्याने द्यावे, यात अन्याय तो कोणता? दुसरा पक्ष म्हणे, घरोघर वर्गणी काढावी व मैदान सर्वांस मोकळे ठेवावे. तेव्हा मजकडे पाहून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "फादर, पूर्वीचे लोक काय करीत होते हो?" उत्तर मजपाशी तयार नव्हते. पुढील मजकूर म्हणजे ते शोधण्याचा प्रयत्न होय. तो करण्यास मला एक खासगी कारणही आहे. ते यथावकाश येईल.

आपली कुटुंबे शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत विखुरलेली आहेत. शिरूरास जुनी माणसे अद्यापि घोडनदी म्हणतात. एके काळी तेथे इंग्रजांची मोठी छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावास लढलेली कॅप्टन स्टॉन्टन यांची तुकडी तेथूनच निघाली होती. छावणीतील खेळ छावणीपुरतेच, त्यांचा विचार येथे नको. गावकऱ्यांचा खरा खेळ होता कुस्तीचा, आणि तो भरे ग्रामदैवताच्या यात्रेत. वाचकांपैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. परंतु त्याच्या हिशेबाकडे आपण कधी लक्ष दिले आहे काय?

यात्रेपूर्वी पंच घरोघर फिरत. ज्याची बागाईत त्याने अधिक द्यावे, कोरडवाहूवाल्याने कमी, आणि ज्याच्या घरी त्या वर्षी मयत वा दुखणे झाले असेल त्यास मागूच नये, असा अलिखित रिवाज असे. काही घरे रोख रकमेऐवजी धान्य देत. त्या पैशांतून आखाड्याची माती, हलगीवाले, फेटे, नारळ आणि इनामे यांचा खर्च भागे. लढणाऱ्या मल्लाकडून मात्र कोणी दिडकी घेत नसे. उलट परगावचा पैलवान आला तर त्याच्या भाकरीची सोय गाव करी. प्रारंभी लहान पोरांच्या कुस्त्या लागत, त्या रेवड्यांवर. मूठभर रेवड्या हाच विजय. पुढे नारळावर, मग काही रुपयांवर, आणि दिवस मावळताना शेवटची मोठी कुस्ती.

यातील खरी कसोटी जोड लावण्यात असे. दोन इच्छुक आखाड्यात उतरले की पंच त्यांस शेजारी उभे करीत, खांद्यास खांदा लावून पाहत, वय विचारीत, आणि भोवतालचे हजारो डोळे आपापला निकाल ओरडून सांगत. जोड विजोड वाटली तर लोकच ती मोडावयास लावीत. तेथे वजनाचा काटा नव्हता, दाखला नव्हता. पण एखाद्या दांडग्याने पोरसवद्याशी हात मिळवून इनाम उचलावे हे सहसा घडत नसे, कारण ते इनाम लोकांच्या वर्गणीचे होते व लोक समोर बसलेले होते. कुस्ती फारच लांबली तर बरोबरीत सोडवीत आणि इनाम दोघांत वाटून देत. माझ्या मते पंचांचा सर्वांत मोठा गुण हाच की, पैसा कोठून आला व कोठे गेला हे सर्व एकाच दिवशी, एकाच मैदानात, उघड्यावर होई.

अर्थात् यात दोष नव्हता असे म्हणवत नाही. वर्गणीचे आकडे मोठ्याने पुकारीत. त्यामुळे देणारा फुगे व न देणारा मान खाली घाली. शिवाय आखाडा सर्व जातींस सर्वत्र मोकळा होता असेही नव्हे. ज्यांच्या घरची वर्गणी चालते त्यांच्या घरचा मल्ल चालतोच, हा नियम अस्पृश्य मानलेल्यांच्या बाबतीत पुष्कळदा लंगडा पडे. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे त्याच वस्त्यांतून आलेले आहेत, म्हणून हे लिहून ठेवणे भाग आहे.

दौंडची कथा निराळी. १८५८ साली आगगाडी पुण्याहून दौंडवरून दिकसाळपर्यंत गेली, आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर भीमेकाठचे हे गाव जंक्शन झाले. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, कोळसेवाले अशी नवी वस्ती आली. अशा मोठ्या स्थानकांवर रेल्वेने आपल्या नोकरांसाठी इन्स्टिट्यूट नामक करमणुकीची घरे चालविली. तेथे बिलियर्ड, बॅडमिंटन, टेनिस, वाचनालय अशा सोयी असत. पुष्कळ ठिकाणी युरोपियन व अँग्लो-इंडियन नोकरांचे इन्स्टिट्यूट वेगळे आणि एतद्देशीयांचे वेगळे असे. कोणाचे अधिक सुसज्ज असे, ते सांगावयास नकोच.

परंतु मला विशेष वाटते ते त्याच्या पैशाचे. सभासदांची वर्गणी होतीच. तिच्या जोडीला रेल्वेत 'फाइन फंड' नावाचा एक निधी असे. कामात चूक झाली, उशीर झाला, माल फुटला, तर नोकराच्या पगारातून दंड कापीत. तो दंड या निधीत पडे व त्यातून नोकरांच्या हिताची कामे होत. करमणूक व खेळ हे त्यांपैकी एक. पुढे १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने दंडावर मर्यादा घातली: पगाराच्या रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक दंड करू नये, त्याची नोंद ठेवावी, आणि ती रक्कम नोकरांच्याच कल्याणाकडे लावावी. कायदा चांगला, मालकाने तो पैसा खिशात घालू नये हा त्याचा हेतू स्पष्टच आहे. तथापि एक चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. रात्रपाळीत डुलकी लागलेल्या एखाद्या पॉइंट्समनचा अर्धा आणा कापला जाई. टेनिसच्या जाळ्यास त्यातून हातभार लागला असेल तर ते जाळे त्याच्याच पैशाचे, पण त्या जाळ्यापलीकडे त्याने एकदाही चेंडू मारला नसेल. देणारा एक व खेळणारा दुसरा हे कुस्तीच्या फडातही होते. पण तेथे देणारा आपण होऊन देई आणि समोर बसून पाही.

दौंडहून आगगाडीने काही तासांवर पुणे. तेथे याच काळात घडलेली हकिगत सर्वांस ठाऊक असावी अशी आहे. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ चा, चांभार कुटुंबातील. वडील लष्करात नोकर. पुण्यात पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टी दाबणे हे त्यांचे पहिले काम, वेतन दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तेथे चार रुपये मिळू लागले. जाळी बांधावी, रेषा आखाव्यात, आणि साहेब लोकांस सराव हवा असेल तेव्हा तासन् तास चेंडू टाकावा. आपणास बाद केल्याबद्दल कॅप्टन ग्रेग दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट खुद्द बाळूंच्या सांगण्यावरून आली आहे: इतक्या वर्षांत त्यांच्या हाती बॅट कोणी एकदाही दिली नाही. चार रुपयांत मैदान तयार होई, गोलंदाज मिळे आणि क्लबाचा खेळ स्वस्त पडे. डाव मात्र त्यांचा नव्हता.

पुण्याच्या हिंदू क्लबास इंग्रजांशी सामना करावयाचा होता, तेव्हा त्यांस हा गोलंदाज हवा झाला. काहींनी विरोध केला, काहींनी आग्रह धरला, अखेर त्यांस घेतले. मैदानात सर्वांनी त्यांनी हाताळलेलाच चेंडू हाताळला. परंतु चहाच्या वेळी त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या मेजावर. पुढे ते मुंबईस गेले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले त्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. इतके होऊनही नायकपद त्यांच्या घरी फिरकले नाही. १९२० साली चौरंगी सामने पुण्यास भरले असता या अन्यायाविरुद्ध विठ्ठल व शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले. १९२३ साली विठ्ठल नायक झाले आणि हिंदूंनी त्या वर्षीचे सामने जिंकले.

हे सामने पुढे १९३७ साली पंचरंगी झाले; जे कोणत्याच मोठ्या समाजात बसत नाहीत अशांचा, ख्रिस्ती धरून, एक 'शेष' संघ निघाला. त्याच वर्षी मुंबईच्या नव्या ब्रेबोर्न स्टेडियममध्ये आपल्या वाट्यास जागा कमी आल्या म्हणून हिंदू संघ खेळावयास आलाच नाही. बसावयाच्या बाकांवरून खेळ मोडावा, हे पाहून आमच्या समितीतील वाद मला फार लहान वाटू लागला! शेष संघाचा प्रसंग आला की सांगलीच्या विजय हजारे यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. १९४३ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या, आणि तरीही संघ डावाने हरला. १९४६ नंतर हे सामने बंद पडले. ते बरेच झाले.

क्रिकेट हा मुळात खर्चिक खेळ. आपल्याकडील खो-खोस दोन खांब पुरतात, आणि हुतूतूस फक्की व शिट्टी. या देशी खेळांस नियमांचे वळण लावण्याचे श्रेय पुण्याचा डेक्कन जिमखाना, बडोद्याचा हिंदविजय जिमखाना आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ यांजकडे जाते. मंडळाने खो-खोचे नियम १९३५ साली छापले. पैशाचा प्रश्न अशा रीतीने जवळजवळ सुटतो. परंतु न्यायाचा प्रश्न सुटत नाही, हे हुतूतूच्या जुन्या प्रकारांवरून कळून येते.

हे प्रकार तीन. 'गामिनी'त बाद झालेला गडी पुनः आत येत नसे. सारा संघ संपेपर्यंत त्याने बाहेर बसावे. 'संजीवनी'त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक परत येई. आजची कबड्डी याच पद्धतीची. आणि 'अमर'मध्ये बाद झालेला गडी मैदान सोडीतच नसे. फक्त प्रतिपक्षाचा गुण मांडला जाई. गामिनीत सर्वांत दुबळा पोर पहिल्याच चढाईत बाद होतो आणि सबंध संध्याकाळ रेषेबाहेर माती उकरीत बसतो. म्हणजे ज्यास खेळाची सर्वांत अधिक गरज, त्यास खेळ सर्वांत कमी. अमरमध्ये तोच पोर वीस वेळा बाद होतो, पण वीस वेळा खेळतो. संघांच्या झुंजीस संजीवनी योग्य, यात संशय नाही. दहा वर्षांखालील मुलांसाठी मी मात्र अमरच्या बाजूचा आहे.

आता ते खासगी कारण. काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आठवड्यात आम्ही कबड्डीचे सामने भरविले होते. प्रवेशवर्गणी संघामागे दोनशे रुपये. वही माझ्या हाती होती. ऊसतोडीची एक टोळी जवळच्या रानात कोप्या घालून उतरली होती; तेथील सात मुले दोन दिवस बांधावर बसून सामने पाहत होती. तिसऱ्या दिवशी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, अनवाणी, नेमकी सात, राखीव एकही नाही. थोरला म्हणाला, "फादर, आमचाबी संघ हाय. पैसं उचल मिळाल्यावर दिलं तर चालंल का?" मी म्हणालो, नियम सर्वांस सारखा आहे, पुढच्या वर्षी या. मी रागावलो नव्हतो, उलट सौम्यपणेच बोललो होतो. मुले परत बांधावर जाऊन बसली आणि अंतिम सामना संपेपर्यंत पाहत राहिली. पुढच्या वर्षी त्या रानात दुसरीच टोळी उतरली. त्या सामन्यांचा हिशेब मिटविला तेव्हा खर्च वजा जाता चारशे साठ रुपये उरले होते. ते आम्ही विजेत्यांच्या छायाचित्राच्या चौकटीस लावले. ती चौकट अद्यापि सभागृहात आहे.

हे मी समितीस सांगितले तेव्हा कोणी काही बोलले नाही. नंतर ठरले ते असे: प्रवेशवर्गणी नाही. घरोघर यथाशक्ती वर्गणी. मिस्सेनंतर नावे वाचावीत, आकडे वाचू नयेत. यावर एका सद्गृहस्थांचा हिरमोड झाला, कारण त्यांचा आकडा वाचण्याजोगा होता. त्यांनी रक्कम मात्र कमी केली नाही, हे त्यांस भूषणावह आहे. हिशेबाचा कागद दारावर लावावयाचा. लहानांचे सामने अमर पद्धतीने, मोठ्यांचे संजीवनीने, व वजनाचे दोन गट. मैदान एका शेतकरी बंधूंनी आपल्या ट्रॅक्टरने भुसभुशीत करून दिले आहे. फक्की व शिट्ट्या आल्या आहेत.

गेल्या सोमवारी मी स्वतः कोप्यांवर जाऊन आलो. यंदाची टोळी मोठी आहे, मुलेही पुष्कळ. मुकादमास दिवस व वेळ सांगितली. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "फादर, गाडी भरून झाली की पोरं पाठवितो." गाडी किती वाजता भरते, असे मी विचारले. तो म्हणाला, ते काही सांगता येत नाही. म्हणून लहानांचे सामने आम्ही सर्वांत शेवटी ठेवले आहेत, आणि दिव्यांची सोय केली आहे.