क्विक हील

पुण्यात तयार झालेली संगणकाची विषाणूरोधक प्रणाली (अँटिव्हायरस) आणि ती बनवणारी कंपनी. मूळचे रहिमतपूरचे (जि. सातारा) कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात संगणक येऊ लागले. त्यांतले बरेच विषाणूंनी बिघडलेले असत. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर उतारा म्हणून छोट्या आज्ञावली लिहिल्या आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांतूनच हे उत्पादन उभे राहिले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचे नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले. २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले.

१९९० च्या दशकात विषाणू फ्लॉपीवरून पसरत. १९९१ मध्ये आढळलेला मायकेलअँजेलो ६ मार्चला जागा होई आणि डिस्कवरील माहिती पुसून टाकी. ज्ञात विषाणूंच्या खुणा जवळ ठेवून प्रत्येक फाइल त्यांच्याशी ताडून पाहणे तेव्हा पुरे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपुढे ते अपुरे ठरते. म्हणून प्रोग्रॅमच्या वागण्यावरही नजर ठेवली जाते. तरीही खरा आधार म्हणजे संगणकापासून काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कवरची फायलींची प्रत.

विंडोज ८ पासून (२०१२) असे संरक्षण विंडोजमध्येच अंगभूत असते. त्यामुळे घरगुती वापरासाठी वेगळा अँटिव्हायरस घेण्यापेक्षा अपडेट वेळेवर करणे अधिक महत्त्वाचे. फोनवर स्वतःहून ओटीपी सांगणाऱ्याला मात्र कोणतीच प्रणाली वाचवत नाही. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.